पहिल्या कलमातली भाजी

वरणफळं हे आळशी माणसाचं जेवण आहे असं म्हणणाऱ्याने छापखान्यात कधी काम केलेलं नसतं. नाशिकच्या ज्या छापखान्यात मी दोन वर्षं अक्षरांचे खिळे जुळवले, तिथे मागच्या खोलीत आम्ही चौघे राहत होतो. चौघांत एक चूल, एक पातेलं. भाकऱ्या थापत बसायला वेळ कुणाला होता? सकाळी पत्रक जुळवायचं, दुपारी छापायचं, संध्याकाळी वाटायचं, आणि मधेच कुणी चिडून आला तर त्याच्याशी भांडायचं. म्हणून फोडणी, डाळ, पाणी, भाजी सगळं त्या एकाच पातेल्यात, आणि वरून कणकेचे तुकडे. अर्ध्या तासात जेवण, घासायला एक भांडं. आमच्यातला पुण्याकडचा एक जण याला चकोल्या म्हणे आणि प्रत्येक वेळी सांगे, आमची आई यावर तूप घालते. तुपाचा विषय निघाला की आम्ही तिघे त्याला गप्प बसवायचो.

हे सांगण्याचं कारण एवढंच की जव्हार संस्थानातल्या एका पाड्यावर मी जो घोळ घातला तो याच पातेल्यात घातला.

खोडाळ्याच्या बाजारात त्या पाड्यावरचा एक माणूस आमच्या पत्रकवाल्यांपैकी एकाला भेटला होता. गाऱ्हाणं साधं होतं. लाकडाच्या एका मक्तेदाराचे सागाचे ओंडके नाल्याच्या पात्रात पडून होते. पाऊस सुरू झाला होता, नाला भरला की लाकूड वाहून जाणार, म्हणून ते वर ओढायला त्याचा मुकादम पाड्यावरची माणसं वेठीला नेत होता. वेठ म्हणजे बोलावलं की जायचं, मजुरी नाही, नाही म्हणायची सोय नाही. इकडे स्वतःच्या शेतात राब, म्हणजे रोपांचा वाफा, भाजून भात पेरलेला, रोपं वर आलेली, लावणी तोंडावर, आणि घरचे पुरुष परक्याची लाकडं ओढताहेत.

मी पेटलो. त्या वयात पेटायला मला फार काही लागत नसे. दोन रात्री जागून अर्ज लिहिला. अकरा कलमं. माणुसकी, न्याय, जुलमाचा कळस, काही म्हणून बाकी ठेवलं नाही. आमच्या जुन्या जुळाऱ्याने वाचून मान डोलावली तेव्हा मला वाटलं, काम निम्मं झालं. आता फक्त पाड्यावर जायचं, अंगठे घ्यायचे आणि जव्हारच्या कचेरीत नेऊन द्यायचं. तिथला मोठा अंमलदार दोन दिवसांनी बाहेरगावी जाणार होता, म्हणजे हातात एकच संध्याकाळ होती.

मोखाड्याकडची हद्द इंग्रजांची, पलीकडे संस्थान. नाक्यावर झडती होते असं ऐकलं होतं, म्हणून अर्ज आणि पत्रकं पिशवीच्या तळाशी घातली आणि वर चार शेर कणीक ओतली. बाजूला मुगाची डाळ, तेलाची बुधली, आमसुलं, तिखट-मीठ, अंगठ्यांसाठी छापखान्यातल्या काळ्या शाईची डबी, आणि पाठीला ते पातेलं. नाक्यावरच्या शिपायाने पिशवीत हात घातला, कणकेने पांढरा झालेला बाहेर काढला आणि विचारलं, “स्वैपाकी का?” मी हो म्हणालो. खोटं बोललो याचा राग मला पुढचे तीन कोस येत राहिला.

पाड्याच्या अलीकडे एक उतार लागतो. तो सगळा उतार भाजीने भरलेला होता. कवळी म्हणतात तिला तिकडे, पावसाच्या सुरुवातीला रानात आपोआप उगवते. खोडाळ्याच्या बाजारात बायका तिच्या जुड्या घेऊन बसलेल्या मी त्याच सकाळी पाहिल्या होत्या. इथे मात्र एक पान खुडलेलं नव्हतं. मी थांबून पाहिलं आणि माझ्या मनात जे आलं ते लिहितोच, लपवून काय करू? मनात आलं, दाराशी अन्न उगवलंय आणि यांना वाकायचा कंटाळा. ज्यांच्यासाठी मी अकरा कलमं लिहिली होती त्यांच्याबद्दल हा माझा विचार. मग मी उपरणं पसरलं आणि भरभर खुडून गाठोडं बांधलं.

पाड्याच्या तोंडाशीच ज्या बाईचं घर होतं तिचा नवरा वेठीवर होता. ती राबाकडे निघाली होती, खांद्यावर इरलं. मला पाहून म्हणाली, “कागदवाला मास्तर तूच का?” हातात कागद असला की तिकडे मास्तरच.

“मीच. माणसं कधी येतात, काकी?”

“दिवस मावळायच्या आत येतील. दाणे न्यायला. निम्मीच येतील पण.”

“निम्मी का?”

“मुकादम निम्मीच सोडतो. ही परत गेली का मग दुसरी.” तिने इरलं सारखं केलं. “तुला भूक लागली असंल. पेज हाय थोडी.”

घरातली कणगी मी पाहिली होती. तळाला हात घालावा लागेल अशी. मी म्हणालो, “पेज ठेवा. आज स्वयंपाक मी करतो, सगळ्यांचा.”

ती हसली. “पुरुष मानूस रांधणार?”

“अर्ध्या तासात.”

“मग चूल तिथं हाय,” म्हणाली आणि गेली.

माझा हिशेब सरळ होता. माणसं दमून येणार, उपाशी येणार. उपाशी माणूस भाषण ऐकत नाही, हे आम्ही चौघे एकमेकांवरूनच शिकलो होतो. आधी पोटात गरम घालायचं, मग अर्ज वाचायचा, मग अंगठे. मी चूल पेटवली. लाकूड ओलं, धूर इतका की डोळ्यांतून पाणी. पातेल्यात तेल, मोहरी, लसूण, मिरची, हळद. वाटेत लोट्यात भिजत घातलेली डाळ त्यात परतली, पाणी ओतलं. ते उकळेपर्यंत कणीक मळली. पोळपाट नव्हताच, तळहातावर थापून पातळ केली आणि बोटांनी तोडून तुकडे काढले. मधेच उठून दाराशी जात होतो, वाट पाहत होतो, परत येऊन ढवळत होतो. एका जागी बसणं मला कधी जमलेलं नाही. कणकेतून अर्ज काढला, झटकला, पुन्हा एकदा वाचला. सातव्या कलमात “नराधम” शब्द होता, तो मला फार आवडला होता. मग भाजी धुऊन चिरून पातेल्यात लोटली, आमसूल टाकलं, एकेक तुकडा सोडला. वास घरभर सुटला. मी स्वतःवर खूश होतो.

माणसं उजेड असतानाच आली. सहा जण. खांद्यांवर दोरखंडाचे वळ. बाईही राबावरून परतली होती. मी सगळ्यांना ओसरीवर बसवलं, पळसाची पानं मांडली आणि पातेलं बाहेर आणलं. पहिल्या पानावर वाढलं, दुसऱ्या पानावर वाढलं. कुणी हात लावेना. मला वाटलं, सगळ्यांचं वाढून व्हायची वाट बघताहेत. सहाही पानं वाढली. तरी हात मांडीवरच.

बाईने वाकून पानात पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. “मास्तर, हे हिरवं काय?”

“कवळी. उतारावरची.”

“आन् माझ्या चुलीवर शिजवलीस?”

“मग काय डोक्यावर शिजवू?”

ती आत गेली. थोड्या वेळाने चुलीतली लाकडं बाहेर ओढल्याचा आवाज आला. सहा जणांतला एक हळूच पानापासून मागे सरकला. त्याच्या पोटाचा आवाज मला ऐकू आला, इतक्या जवळ मी उभा होतो.

“जात आड येते का माझी?” मी विचारलं. “तसं असेल तर सांगा.”

“जात नाय रे,” मागून कुणीतरी म्हणालं. पाड्याचा भगत आला होता, म्हणजे देवाचं करणारा म्हातारा. काठी टेकवून तो खाली बसला, एका पानात वाकून बघितलं. “वास तर बरा हाय. पन देवानं अजून खाल्ली नाय. देवाआधी तू वाढलंस.”

मग त्याने सांगितलं ते असं. नव्या वर्षाची ही भाजी आधी गावदेवाला दाखवायची. त्या दिवशी घरटी एक पुरुष हजर लागतो, सगळा पाडा एकत्र जातो, भाजी शिजते, देवाला जाते, मग माणसं खातात. तोवर कुणी खुडायचीही नाही.

आता माझ्या छापखान्याच्या खोलीत अशा गोष्टींवर आमचं एक पत्रकच तयार होतं. मला ते पाठ होतं आणि मी ते सुरू केलं. “बाबा, पोटात आग आणि दारात भाजी! आणि तुम्ही दगडाच्या परवानगीची वाट बघता? कणगीचा तळ दिसतोय. पोरं पेज पितायत. हा देव तुम्हाला उपाशी मारतोय हे दिसत नाही?”

म्हातारा रागावला नाही. याचाही मला राग आला.

“देव कशाला मारंल?” तो म्हणाला. “देव पन उपाशीच हाय. तो बसलाय वाट बघत. आमी बसलोय वाट बघत. आमची मानसं नाल्यावर हायत.”

“ही आली ना?”

“ही निम्मी. ही आली का ती तिकडं. ती आली का ही तिकडं. घरटी मानूस एका दिशी कधी जमतो? खोडाळ्याकडच्यांनी खाल्ली. खालच्या पाड्यानं खाल्ली. आमीच राहिलो. आता दोन-चार दिवसांत पान जून होतं, मग गुरं बी तोंड लावत नाय.”

पानांतली वरणफळं थंड होत होती, वर साय धरल्यासारखी. उतारावरची न खुडलेली भाजी मला आठवली आणि वाकायचा कंटाळा हा माझा शब्दही आठवला. पण मी लगेच नमणाऱ्यांतला नव्हतो. म्हणालो, “मग हे आधी का नाही सांगितलंत? बाजारात तुमचा माणूस भेटला तेव्हा? मी अर्जात घातलं असतं!”

“तू इचारलंस कुठं?” बाई दारातून म्हणाली. तिचे हात कोपरापर्यंत शेणाने भरले होते, चूल सारवत होती. “तू आल्यापास्नं सांगतोसच हायस.”

सहाही जण हसले. दमलेले, उपाशी, पण मनापासून हसले. म्हाताराही हसला.

मी पिशवीकडे गेलो, अर्ज काढला. “बरं. ऐका.” आणि अकराच्या अकरा कलमं वाचली, आवाज चढवून. “नराधम” आला तेव्हा एकाने शेजाऱ्याला विचारलं, “हा कोन?” शेजारी म्हणाला, “मुकादमाचा भाऊ असंल.” वाचून झालं. मी शाईची डबी उघडली.

“यात आमची भाजी हाय का?” बाईने विचारलं.

“नाही. पण यात सगळंच आलं. वेठ बंद झाली की भाजीचं आपोआप—”

“मग यो कागद आमचा कसा?”

मी समजावलं. कचेरीतले कारकून हसतील. जुलमाची गोष्ट आणि पालेभाजीची गोष्ट एका कागदावर शोभत नाही. सगळा जोर जाईल. मला खरंच तसं वाटत होतं. आजही अर्धंमुर्धं वाटतं. म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि डबीचं झाकण लावलं. झालं. सहा अंगठे सहा मुठींत.

मी अंगणात जाऊन दोन फेऱ्या मारल्या. पायात काटा गेला, तो काढला. परत आलो आणि अर्जाच्या शेवटी, उरलेल्या दोन बोटं जागेत बारीक अक्षरात बारावं कलम लिहिलं: माणसं निम्मी निम्मी सोडल्यामुळे गावदेवाला नवी भाजी देता येत नाही, सबब पाडा ती खाऊ शकत नाही.

“लिहिलं,” मी म्हणालो.

म्हाताऱ्याला वाचता येत नव्हतं. “कुठं लिहिलंस?”

मी बोट ठेवलं. त्याने बोटाच्या वर पाहिलं, अकरा कलमांची भरगच्च काळी फळी. खाली माझी मुंगीएवढी ओळ.

“वर लिही,” तो म्हणाला.

“वर जागा नाही.”

“मग दुसरा कागद घे. तोवर हे उपाशी हायत ते बग.”

पातेल्यातलं आणि पानांतलं खायचं कुणी? मी एकटा. “तुला काय बंधन नाय, तू खा,” बाई म्हणाली, आणि त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच मला खाववेना. सगळं पाड्याबाहेर नेऊन मातीत पुरलं. पातेलं राखेने दोनदा घासलं. दुसऱ्यांदा बाईने हातातून काढून घेतलं आणि तिसऱ्यांदा घासलं. चूल ओली होती, म्हणून ओसरीच्या कडेला तीन दगड मांडले. उरलेली डाळ न भिजवलेली, ती शिजेना. मी ढवळत, फुंकत, मधेच गुडघ्यावर कागद घेऊन लिहीत होतो. पहिल्या कलमात भाजी. मग वेठ, मग लावणी. नव्या कागदावर सगळं मावेना म्हणून कलमं गाळावी लागली, “नराधम” गेला. कागदावर दोन ठिकाणी हळदीचे डाग पडले. या वेळी पातेल्यात डाळ, आमसूल आणि कणकेचे तुकडे, बाकी काही नाही.

त्यांनी खाल्लं. शेवटचा तुकडा चिमटीत धरून म्हाताऱ्याने निरखला. “भाकर पान्यात पडली आन् कुनी काढलीच नाय, अशी चव हाय.” मग तो तुकडाही तोंडात टाकला आणि अंगठा पुढे केला.

दुसऱ्या दिवशी कचेरीत कारकून हसलाच. आत नेण्याआधी त्याने पहिलं कलम शेजारच्याला वाचून दाखवलं. मी दात आवळून उभा. तासाभराने कागद बाहेर आला. वेठीबद्दल शेरा: चौकशी करू. त्याखाली: देवकार्यासाठी सर्व इसमांस एकाच वेळी दोन दिवस मोकळीक द्यावी.

मी संतापलो. इतकं सगळं मागितलं आणि हातावर ठेवलं काय, तर दोन दिवस आणि पालेभाजी! मी तो कागद घेऊन पाड्यावर गेलो तो हे सांगायलाच, की आपल्याला फसवलं. त्यांनी ऐकून घेतलं, तो शेरा दाखवून नाल्यावरची माणसं सोडवून आणली आणि भाजी खुडायला निघाले.

मला थांबवून घेतलं. देवाचं झालं, पानं मांडली, घराघरातले पुरुष एका ओळीत बसले. मी तो पाडा पहिल्यांदाच पुरा पाहत होतो; त्यांनीही बऱ्याच दिवसांत एकमेकांना तसं पाहिलं नव्हतं. आधी नुसतं इकडचंतिकडचं चाललं होतं. मग एकाने खांद्यावरचा वळ दाखवला, दुसऱ्याने आपला. कुणाचा राब गुरांनी खाल्ला होता ते निघालं. कुणाच्या बायकोला मुकादम काय बोलला ते निघालं. निम्म्यांना ठाऊक होतं ते उरलेल्या निम्म्यांना ठाऊकच नव्हतं. मुकादम माणसं निम्मी निम्मी का सोडतो, हे माझ्या अकरा कलमांत नव्हतं. ते मला तिथे, त्या पानावर बसून कळलं.

दुसऱ्या दिवशी मुदत संपायच्या आधीच मुकादम आला. हातात वेताची काठी. आम्ही जेवत होतो. “चला रे,” तो म्हणाला, “वर आभाळ बघा. नाला भरतोय.”

मी उठायला गेलो. माझ्याकडे त्याच्यासाठी भाषण तयार होतं, किती दिवसांचं. पण बाईने तेवढ्यात माझ्या पानावर मोठा घास वाढून “आता तरी खा, मास्तर,” म्हटलं होतं आणि मी तो सगळा तोंडात कोंबला होता. पान जून झालं होतं. दोऱ्यासारखी शीर दातांत अडकली, चावता येईना, गिळता येईना, बोलता तर मुळीच येईना. मी हात हलवत राहिलो.

“बस रे खाली,” म्हातारा मला म्हणाला. मग मुकादमाला म्हणाला, “तू पन बस. पान घे. लाकडाचं काय ते तुजं लाकूड बगंल.”

मुकादमाने ओळीवरून नजर फिरवली. या टोकापासून त्या टोकापर्यंत. कुणी उठलं नाही. सगळे जेवत राहिले. त्याने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. खालून नाल्याचा आवाज येत होता आणि त्यात मधूनच लाकडावर लाकूड आपटल्याचा. तो ऐकून मुकादम पळतच उतारावरून खाली गेला, एकटा.

मी अजून चावत होतो.